सतराव्या प्रश्नातला अर्धा

३ मार्च

शंकाबाई,

मी या दोन हातांनी केलेल्या वस्तू अशा: प्लग गेज एकशे बारा, रिंग गेज चौसष्ट, स्नॅप गेज एकोणचाळीस, सगळी भागांचं माप तपासायची. घासून घासून सपाट केलेले बिडाचे पाटे तीन. त्यातला एक अजून गेज-खोलीत आहे आणि त्यावर जेवणाचा डबा ठेवणाऱ्याच्या अंगावर मी ओरडतो. जुन्या साहेबांच्या घड्याळाचं एक दातेचाक. मामीच्या शिवणयंत्राचा पाय. तुझ्या कंपासपेटीतलं कर्कटक, ज्याच्या स्क्रूचे आटे दुकानातल्यापेक्षा बारीक होते आणि जे तू तिसऱ्या दिवशी शाळेत हरवलंस.

यादीचं कारण असं की अर्जात 'शैक्षणिक पात्रता' नावाचा रकाना आहे, दीड इंच लांब. 'सातवी नापास' लिहायला तो जास्त होतो आणि वरची यादी लिहायला कमी पडतो. काय लिहू?

कारखाना नव्या मालकांनी घेतला हे तुला कळवलं होतं. त्यांचा नियम असा की ज्याच्या हातात तपासणीचा शिक्का, त्याच्याकडे तर्कपरीक्षेचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा बाहेरची एक संस्था घेते. चाळीस प्रश्न, अठ्ठावीस बरोबर आले की पास, संधी तीन. पहिल्यांदा मला एकवीस मिळाले, दुसऱ्यांदा चोवीस. हे तुला कळवलं नव्हतं. तिसरी आणि शेवटची परीक्षा १० मेला आहे. त्यात गेलो तर शिक्का काढून घेतात आणि माणसाला पॅकिंगला बसवतात, खोक्यांना पट्ट्या मारायला.

शेकडेवारी, काळ-काम-वेग मी झोपेत सोडवीन. मार खातो तो अकरा ते वीस या दहा प्रश्नांत. तिथे उत्तर काढायचंच नसतं. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि विचारतात काय, तर उत्तर काढायला एवढी माहिती पुरेशी आहे का. पहिलं विधान एकटं पुरत असेल तर अ. दुसरं एकटं, तर ब. दोन्ही मिळून, तर क. कोणतंही एकटं चालत असेल तर ड. दोन्ही मिळूनही भागत नसेल तर इ. म्हणजे स्वयंपाक करायचा नाही, शिधा पुरेल का तेवढं सांगायचं.

आता हा बघ. 'य हा एकपेक्षा मोठा आहे का? विधान एक: क्ष गुणिले य हे क्षपेक्षा मोठं आहे. विधान दोन: क्ष धन आहे.' मी दोन्ही बाजूंना क्षने भागलं. य एकपेक्षा मोठा. विषय संपला, उत्तर अ. ते म्हणतात, क. अरे, क्ष धन आहे हे सांगायची गरज काय? माप धनच असतं. पस्तीस वर्षांत मला उणे लांबीची सळई कोणी आणून दिलेली नाही.

फोन करू नकोस. प्रेस-शॉपमधल्या ठोक्यांनी कान नेले. फोनवर मला फक्त गिरणी ऐकू येते. आणि अंगठ्याने गणितं लिहिणाऱ्यांतला मी नाही. पत्र दोन-तीन दिवसांत पोचतं.

कीव नको, रीत हवी.

मामा


९ मार्च

मामा,

आधी रकाना. 'सातवी' एवढंच लिहा. पास की नापास हे त्यांनी विचारलेलं नाही. जेवढं विचारलं तेवढंच द्यायचं आणि जेवढं दिलं तेवढ्यावरच बोलायचं, हा या प्रकारच्या प्रश्नांचा पहिला धडा. तुम्ही नेमकं उलट करता. त्यांनी न दिलेली गोष्ट तुम्ही स्वतःच्या खिशातून घालता. क्ष धन आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या सळईने. क्ष ही सळई नाही, मामा.

शिवाय उणे माप तुम्ही रोज बघता. ठरलेल्या मापापेक्षा दोन दशांश कमी भरलं तर कागदावर काय लिहिता? उणे शून्य पॉइंट दोन. मग?

उण्याने गुणलं किंवा भागलं की असमानता उलटते, हे पाठ करू नका, जिना आठवा. वरचा तिसरा मजला दुसऱ्यापेक्षा उंच. तळघराचा तिसरा मजला दुसऱ्यापेक्षा खाली. आकडे तेच, जमिनीच्या आरपार गेलं की मोठा तो लहान होतो. आणि क्ष वर आहे की तळघरात हे माहीतच नसेल, तर त्याने भागायला हात लावायचा नाही.

आता रीत. असमानता दिसली की चार पाहुण्यांना घरी बोलवायचं: उणे दोन, उणे अर्धा, अर्धा आणि दोन. शून्य आणि एक हे दोघं उंबऱ्यावर बसणारे, त्यांनाही विचारायचं. विधानात बसणाऱ्यांपैकी एक जण 'हो' म्हणाला आणि दुसरा 'नाही', की माहिती अपुरी. तुमच्या प्रश्नात क्षच्या जागी उणे दोन बसवा आणि यच्या जागी अर्धा. गुणाकार उणे एक. उणे एक हे उणे दोनपेक्षा मोठं, म्हणजे विधान एक खरं. पण य अर्धाच आहे! गेलं तुमचं अ.

सोबत तीस प्रश्न पाठवते. मामींना म्हणावं, मामांना चहाबरोबर रोज तीन द्या, जास्त नकोत, अंगावर येतात. आमच्याकडे सगळं ठीक. मी हल्ली बरीचशी घरूनच काम करते.

तुमची
शंकाबाई


२० मार्च

शंकाबाई,

तुझं तळघर मला तीन दिवस पटलं नाही. चौथ्या दिवशी पटलं. कबूल करायला पाचवा गेला.

आता माझं ऐक. प्लग गेज तुला माहीत आहे, लहानपणी तू त्याला लाटणं म्हणायचीस. भोक तपासायचा पोलादी दांडा. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. गो टोक भोकात गेलं. यावरून काय कळलं? भोक कमीत कमी मापापेक्षा लहान नाही. पण ते बादलीएवढं असू शकतं! नो-गो टोक गेलं नाही. यावरून काय कळलं? भोक जास्तीत जास्त मापापेक्षा लहान आहे. पण ते सुईचं नेढंही असू शकतं! एकटं पहिलं पुरत नाही, एकटं दुसरं पुरत नाही, दोन्ही मिळून भोक बरोबर. म्हणजे उत्तर क. पस्तीस वर्षं मी क-च बनवत होतो, आणि हे लोक मला शिकवायला निघाले.

हे मी नव्या व्यवस्थापकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "काका, छान आहे. पण मला मार्कशीट लागेल." मामीला सांगितलं तर म्हणाली, "मग परीक्षेत लाटणं घेऊन जा."

तीस प्रश्नांची उत्तरं सोबत आहेत. खोडाखोड नाही, खोडाखोड केलेला कागद मी कोणाला देत नाही, कच्चं वेगळ्या वहीत करतो.

एक गोष्ट लिहितो, तिच्यावर उत्तर नको. शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादाचा तुकडा. त्यावर माझी खूण आहे, मीच कोरलेली: चौकोनात एक तिरकी रेघ. नापास झालेल्यांचे शिक्के ते ऐरणीवर ठेवून ठोकतात, म्हणजे कोणी परत वापरू नये. ग्राइंडरवाल्याचा ठोकला तेव्हा मी तिथेच उभा होतो. ऐकू काही आलं नाही, पण पायांना कळलं.

मामा


२ एप्रिल

मामा,

तीसपैकी अकरा चूक. अकरांपैकी सात ठिकाणी उत्तर इ होतं आणि तुम्ही क दिलंय. गंमत बघा, तुम्हाला इ लिहिण्याची लाज वाटते. 'एवढ्यावरून सांगता येत नाही' म्हणणं तुम्हाला हात टेकल्यासारखं वाटतं. मग कुठूनतरी ओढूनताणून जमवता. इ म्हणजे हार नाही, मामा. इ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, आणि ते द्यायला जास्त खात्री लागते.

आणि अर्ध्या पाहुण्याला तुम्ही नऊ वेळा जेवायला बोलवायचं विसरलात. एक आणि दोनवर भागवलंत. अर्ध्याचा वर्ग अर्ध्यापेक्षा लहान होतो, हे दहादा लिहून काढा. शाळेतली शिक्षा आहे असं समजा. तुमच्या वाट्याची राहिली होती.

आणखी चाळीस पाठवते.

शंकाबाई


१२ मे

शंकाबाई,

परीक्षा झाली. पेपर पंधरा मिनिटं आधी संपला. उरलेल्या वेळात बाकाचा डुगडुगणारा पाय घडीच्या कागदाने बसता केला.

अकरा ते वीसमध्ये तीन वेळा इ लिहिलं, तेही न लाजता. सतरावा तर असा होता की मला तुझा आवाज ऐकू आला. कान नसलेल्या माणसाला! 'क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे का? विधान एक: क्ष धन आहे. विधान दोन: क्ष हा एक नाही.' जुना मी असतो तर दोन घेतला असता, चार मोठे, तीन घेतला असता, नऊ मोठे, आणि दिमाखात क लिहून मोकळा झालो असतो. पण मी म्हटलं थांब, अर्धा कुठाय? अर्धा धन आहे. अर्धा एक नाही. दोन्ही विधानांत बसतो. आणि त्याचा वर्ग पाव! लहान झाला. दोन म्हणतो हो, अर्धा म्हणतो नाही. उत्तर इ.

बाकीचे सगळे पूर्णांकांत राहतात. माझा जन्म शून्य आणि एकच्या मधेच गेलाय, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. हा प्रश्न माझ्यासाठीच काढलेला होता.

मामीने न विचारता गोड केलं.

मामा


३० मे

शंकाबाई,

तुझं पत्र नाही. कामात असशील.

सत्तावीस.

उत्तरसूची लागली आहे. मी माझी उत्तरं वहीत उतरवून आणली होती, ती ओळीने लावून बघितली. सतराव्याचं उत्तर त्यांनी क दिलंय. चारदा वाचलं. मग भिंतीवरची सूची पोरासोरांसारखी बोटाने वाचली. क.

सूची चूक आहे. मी चूक नाही. ज्या गाढवाने हा प्रश्न काढला, त्याला मी एकदा गेज-खोलीत उभा करणार आहे आणि विचारणार आहे, बाबा, तुझ्या जगात अर्धी भाकरी नसते का? अर्धा तास नसतो? पगार घेतोस तो तरी पुरता मोजून घेतोस ना?

आक्षेप घेता येतो. मुदत २० जून. अट अशी की आक्षेपाच्या फॉर्मवर गणितातल्या पदवीधराची सही हवी, की आक्षेप योग्य आहे. इथे माझ्या ओळखीत पदवीधर नाही. तू आहेस. फॉर्म सोबत जोडला आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. सही झाल्यावर ती खोडून टाक.

एका सहीचं काम आहे, शंकाबाई.

मामा


६ जून

मामा,

तुमचं पत्र मिळालं. वाईट वाटलं.

सतराव्याबद्दल मी विचार केला. अशा परीक्षांत क्ष हा पूर्णांक आहे असं पुष्कळदा गृहीत धरलेलं असतं. पूर्णांक धरला तर धन आणि एक नसलेला म्हणजे दोन किंवा त्याहून मोठा, आणि मग क हे उत्तर येतं. त्यामुळे सूची अगदीच चूक आहे असं म्हणता येणार नाही. आक्षेप घेतला तरी टिकेल असं वाटत नाही, उगाच मनस्ताप. मी फॉर्म परत पाठवत नाही.

तब्येत सांभाळा.

शंकाबाई


९ जून

शंकाबाई,

तू म्हणतेस तर तसं असेल.

न दिलेलं धरायचं नाही, असं मी तुझ्याकडून शिकलो होतो असं मला वाटत होतं. ते मी चुकीचं शिकलो असणार. या वयात शिकलेलं नीट बसत नाही, आटे घसरतात.

हाताने चुकलो असतो तर हाताला विचारलं असतं. हे कुठे चुकलं ते मला सापडत नाही. तू नापास म्हणालीस त्याचं काही नाही. मी बरोबर आहे असं मला इतकं पक्कं वाटलं कसं, एवढंच कळत नाही.

कामावर सगळं ठीक.

मामा


११ जून

बाळ,

मामी लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही. माझं अक्षर समजून घे.

कामावर काही ठीक नाही. शिक्का एक तारखेलाच गेला. ठोकला तेव्हा ह्यांना बोलावलं होतं, हे गेले नाहीत, संडासात जाऊन बसले. आता पॅकिंगला आहेत. पट्ट्यांनी बोटं कापतात, मला दाखवत नाहीत, पण भात कालवताना कळतंच ना.

ते मी सोसलं असतं. माणूस दोन महिने चिडेल, मग गप बसेल, असं म्हटलं. पण तुझं पत्र आल्यापासून हे चिडतच नाहीत गं. परवा टेबलावर आपली जुनी मापं काढून बसले. एकच दांडा मोजला, लिहिला, परत मोजला, परत लिहिला. मला म्हणाले, "तू वाच, किती दिसतं?" मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं!" तर म्हणाले, "मग दोघांनाही कळत नाही."

काल म्हणाले, माझी सगळी गेज परत मागवायला पाहिजेत. दोनशे पंधरा. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, "मी ज्याला पक्कं समजतो ते पक्कं नसतं. त्या गेजवर पास झालेल्या वस्तू लोकांच्या गाड्यांत बसल्यात, पंपांत बसल्यात. कोणाचं काय झालं असेल?" आणि पत्ते लिहायला बसले. खरंच बसले. अकरा कारखान्यांना पत्रं लिहून ठेवलीत, तिकिटं आणायची तेवढी राहिलीत.

तू त्यांना काय लिहिलंस मला ठाऊक नाही, आणि मी वाचलं तरी समजणार नाही. पण जे लिहिलंस ते खरं असेल तर राहू दे. नसेल तर लवकर कळव.

मामी


१४ जून, कुरिअरने

मामा,

ती अकरा पत्रं टाकू नका. आधी हे वाचा.

तुम्ही बरोबर आहात. उत्तर इ आहे. दुसरं कोणतंही असू शकत नाही.

गाढव मी आहे. सतरावा प्रश्न माझा आहे.

दोन वर्षं मी एका संस्थेसाठी प्रश्न काढते. ते कोणत्या परीक्षेत जातात हे आम्हाला सांगत नाहीत. १२ मेचं तुमचं पत्र वाचलं आणि मी वही काढली. वहीत पहिली ओळ आहे: 'क्ष हा पूर्णांक आहे.' टाइप करताना ती गेली. नंतर तपासणीही मीच केली, आणि मला ती ओळ कागदावर दिसली, मामा. नव्हती तरी दिसली, कारण डोक्यात होती. तुम्हाला सांगत होते ना, न दिलेलं खिशातून घालू नका! त्याच आठवड्यात ह्यांची नोकरी गेली होती. दोन दिवसांत चाळीस प्रश्न द्यायचे होते. ह्यांना अजून काम नाही. दहा महिने झाले. हे तुम्हाला कळवलं नव्हतं.

करारात आहे की प्रश्नात चूक सिद्ध झाली तर काढणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं जातं. आमचं घर त्या यादीवर चालतं. म्हणून मी ते पत्र लिहिलं. 'गृहीत धरलेलं असतं' असं लिहिताना मला माहीत होतं की मी खोटं लिहिते आहे, आणि हेही माहीत होतं की तुम्ही माझं ऐकाल. तुमचा शिक्का एक तारखेलाच गेला हे मला मामींकडून कळलं. पण माहीत असतं तर मी वेगळं वागले असते का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

फॉर्मवर सही करून पाठवते आहे. पेन्सिलीची फुली खोडली आहे. मुदतीला सहा दिवस आहेत. पाठवा.

तुमची गेज बरोबर आहेत. सगळी.

शंकाबाई


१६ जून, कुरिअरने

शंकाबाई,

मिळालं. मामीला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, म्हणजे तिने माझ्या कानाशी ओरडून वाचलं. शेजारच्यांना कळलं असणार की माझा अर्धा बरोबर होता. कळू दे.

गाढव म्हणालो ते मागे घेत नाही. गाढवपणा झालाच. पण तो गाळलेल्या ओळीचा नाही. ओळ कोणाचीही गळते. मी एकदा अख्खा शून्य गाळला होता आणि चाळीस दांडे भंगारात गेले. गाढवपणा ६ जूनच्या पत्राचा. तुला कामाची भीती होती तर तसं लिहायचं होतंस. 'मामा, तुम्ही बरोबर, पण पाठवू नका, आमच्या पोटावर येतंय.' मी पाठवलं असतं का? तू मला एवढं ओळखत नाहीस? माझ्याबद्दल तुझ्याकडे माहिती पुरेशी होती, बये.

असो. अकरा पत्रं चुलीत घालायची म्हणून मामीने घेतली आहेत, प्रत्यक्षात ती त्यांच्या मागे वाणसामानाची यादी लिहिते आहे.

फॉर्म मी पाठवणार नाही. नीट ऐक. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. पॅकिंगमध्येही पगार मिळतो, कमी मिळतो. बोटं निबर होतील. मी बरोबर होतो हे मला कळलं, माझं काम झालं. तुझं नाव यादीत राहू दे. यावर वाद नको, मला ऐकू येत नाही.

मामा


१९ जून

मामा,

आक्षेप परीक्षार्थीनेच घ्यावा लागतो. पण प्रश्न काढणारीने स्वतःची चूक स्वतः कळवायला कोणाची परवानगी लागत नाही. मी आज सकाळी जाऊन पत्र हातात देऊन आले. वहीचं पानही जोडलं. पोच घेतली आहे.

ह्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मामांना काय उत्तर देणार होतीस?" आणि उठून भांडी घासायला लागले. ती घासून झालेली होती.

आता भीती वाटते आहे. खूप वाटते आहे. तरी जेवले.

शंकाबाई


१० जुलै

शंकाबाई,

काल संस्थेचे दोघं जण घरी आले. एक कोटातला, एक फायलीवाला. त्यांना हळू बोलायचं होतं. माझ्याशी हळू बोलणं कसं जमणार? शेवटी कोटातला ओरडू लागला आणि फायलीवाला उठून खिडक्या लावू लागला. मामी म्हणाली, "उघड्याच ठेवा, उकडतंय."

त्यांचं म्हणणं असं. तुझं पत्र पोचलं आहे, पण अजून नोंदवलेलं नाही. ते नोंदवलं तर सूची बदलावी लागेल, निकाल फिरवावा लागेल, आणि ज्या ज्या कारखान्यांनी त्या निकालावर माणसं हलवली ते सगळे यांच्या दारात उभे राहतील. फायलीवाला बोलून गेला की इ लिहून एका गुणाने गेलेले आम्ही पाच जण आहोत. बाकीच्या चौघांबद्दल विचारलं, कोण, कुठले, तर कोटातल्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने फाईलच मिटली. चौघांनाही कोणीतरी सांगितलं असेल की तुम्ही चुकलात. त्यांच्यापैकी कोणी आपली जुनी कामं परत मागवायला बसलं असेल का, हे मला विचारावंसं वाटलं. कोणाला विचारणार?

मला फक्त एका कागदावर सही करायची होती. दोन ओळींचा कागद. मी भिंग लावून वाचला. 'प्रश्न सतरामध्ये दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी होती. याबाबत माझी व माझ्या नातेवाइकांची कोणतीही हरकत नाही.' मी म्हटलं, दुसऱ्या ओळीवर सही करतो, पहिली खोडा. ते म्हणाले, दोन्ही मिळूनच आहे. मी म्हटलं, मग नाही.

मामी तोवर आत गेली होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिने कप उचलले आणि त्यांना विचारलं, "निघताय ना?"

तुला न विचारता नाही म्हणालो. याची मला लाज वाटते, आणि सही केली असती तर जी वाटली असती तिच्यापेक्षा ती कमी आहे, एवढंच सांगता येतं. तुझ्या घरात दहा महिने पगार नाही हे मला माहीत होतं, आणि माहीत असताना म्हणालो. रागावायचं असेल तर लांबलचक रागाव, मी प्रत्येक ओळ वाचीन. पण पत्राने नको. सामान बांधा आणि दोघंही इकडे या. वरची खोली मी रिकामी केली आहे. पॅकिंगमध्ये माणसं हवी आहेत, जावईबापूंसाठी शब्द टाकला आहे. काम हलकं आहे, बोटांना पट्ट्या मी स्वतः बांधून देईन. तुझ्यासाठी इथे काय आहे ते मला माहीत नाही, उगाच सांगत नाही.

तुझं पत्र ते आता नोंदवतील की दाबतील, हेही मला सांगता येत नाही. पोच जपून ठेव.

तुझा हिशेब चुकायला नको म्हणून नाकारलेलं सगळं इथे स्पष्ट लिहून ठेवतो: अठ्ठावीस गुणांचं प्रमाणपत्र माझ्या नावाने, नवा शिक्का, गेज-खोलीतली माझी जागा, तुझं नाव यादीत जसंच्या तसं, आणि वर रोख दोन लाख चाळीस हजार.

मामा